घडी घालणारे पाहिजेत

उंची ५ फूट ७ इंच ते ५ फूट ११ इंच. रोज सात तासांहून जास्त चालण्याची तयारी. तेरा-चौदा किलोचं ओझं वागवण्याची ताकद. 'निर्व्यसनी' आणि 'पत्रिकेत मंगळ नसावा' एवढंच लिहायचं राहिलं होतं. पण ही जाहिरात वधूवर सूचक मंडळाची नव्हती. २०२४ साली टेस्ला कंपनीला तिच्या ऑप्टिमस या यंत्रमानवासाठी मास्तर हवे होते. मास्तरांनी हालचाली टिपणारा सूट अंगात चढवायचा, डोळ्यांवर व्हीआर चष्मा लावायचा आणि चालायचं, वाकायचं, उचलायचं, ठेवायचं. विद्यार्थ्याची उंची ठरलेली, म्हणून मास्तरांचीही ठरलेली. मोबदला तासाला ४८ डॉलरपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या भावाने चार हजार रुपये.

आपल्याकडच्या तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांनी हा आकडा वाचू नये. वाचलाच असेल तर आधी उंची मोजून घ्यावी.

आजवर माणसं कविता शिकवून, तबला शिकवून, झालंच तर गाडी चालवायला शिकवून पोट भरत होती. आता खाली पडलेली वस्तू कशी उचलावी, हे शिकवून भरतात. ज्या गोष्टी येतात म्हणून घरात कधी कुणी शाबासकी दिली नाही, आणि येत नाहीत म्हणून दोन धपाटे मात्र जरूर दिले, त्या सगळ्यांना बाजारभाव आला आहे. कपाट लावणं, भांडी विसळणं, अंथरूण नीट करणं. आईने वीस वर्षं घसा कोरडा करून जे शिकवायचा प्रयत्न केला, ते आता कंपनी रेकॉर्ड करून घेते आणि वर पैसे देते. आईला काही मिळालं नाही, हे ओघाने आलंच.

आता ही नोकरी तमिळनाडूत कशी दिसते पाहा. करूर हे टॉवेल-चादरींचं गाव. तिथल्या ऑब्जेक्टवेज नावाच्या कंपनीची हकिकत २०२५ च्या नोव्हेंबरात लॉस एंजेलिस टाइम्सने छापली. कामगार टेबलापाशी उभा राहतो. कपाळावर कॅमेरा बांधतो. उजव्या हाताने टॉवेल उचलायचा, दोन्ही हातांनी झटकून सरळ करायचा, तीन घड्या घालायच्या आणि टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात ठेवायचा. मिनिटाहून जास्त वेळ लागला किंवा मधली एक पायरी चुकली, की पुन्हा पहिल्यापासून. असे २०० टॉवेल चित्रित करून अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला पाठवले गेले. किरकोळ चुकांपायी कधीकधी दीडशे-दोनशे चित्रफिती पुसूनही टाकाव्या लागतात. मग दुसरी माणसं बसतात आणि त्या चित्रफितींत हलणाऱ्या प्रत्येक गोष्टीभोवती चौकट आखतात, हात डावीकडे गेला की उजवीकडे याची नोंद करतात. दोन हजारांहून जास्त माणसं कामाला असलेली ही कंपनी आहे, गल्लीबोळातलं दुकान नव्हे.

हॉटेलात टॉवेलची घडी घालणारा निदान टॉवेल तरी मागे ठेवतो. इथे टॉवेल पुन्हा विस्कटायचा, कारण विकायची आहे ती घडी.

याला हसणं सोपं आहे, पण करूरच्या तरुणाला कुणी हसू नये. डोक्यावर छप्पर आहे, उन्हातान्हात वणवण नाही, महिनाअखेर पगार आहे. गंमत आहे ती पैसे देणाऱ्याची. त्याच्याकडे अब्जावधी डॉलर आहेत, पीएचडी झालेली माणसं आहेत, तळहाताएवढ्या चकतीत अख्खी गणितं मावणारे संगणक आहेत. आणि तरीही त्याला टॉवेलची घडी कशी घालतात हे विचारायला करूरला यावं लागतं.

याचं कारण जुनंच आहे. हान्स मोरावेक या रोबोशास्त्रज्ञाने १९८८ साली लिहून ठेवलं होतं, की चेकर्ससारख्या पटावरच्या खेळात माणसाच्या बरोबरीने खेळणं यंत्राला जमेल, पण वर्षभराच्या मुलाइतकं पाहणं आणि हलणं जमायला घाम फुटेल. बुद्धिबळही पुढे नऊ वर्षांत निकालात निघालं, जगज्जेता गॅरी कास्पारोव यंत्राकडून हरला. टॉवेल मात्र अडून बसला. २०१० साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात एका रोबोने कुणाच्या मदतीशिवाय टॉवेलची घडी घालून दाखवली, तेव्हा जगभर कौतुक झालं. एका टॉवेलला त्याने सुमारे २५ मिनिटं घेतली. आपल्याकडे एवढ्या वेळात लग्नघरातली बाई सगळ्या पाहुण्यांच्या गाद्या गुंडाळून, चहा टाकून, वर दोन जावांची उणीदुणी काढून मोकळी होते.

भाषेच्या यंत्रांचं बरं होतं. त्यांना खाऊ घालायला माणसाने लिहिलेली पुस्तकं, बातम्या, भांडणं सगळं आयतं पडलं होतं. न विचारता उचललं, काम झालं. हातांचं तसं नाही. बर्कलीचेच रोबोशास्त्रज्ञ केन गोल्डबर्ग यांनी २०२५ साली हिशेब मांडला, की भाषेच्या यंत्रांनी जेवढं वाचलं आहे तेवढं वाचायला एका माणसाला एक लाख वर्षं लागतील. हातांच्या कामांचा असा साठा कुठेच नाही, कारण भाकरी थापताना कुणी त्याची नोंद ठेवत नाही. म्हणून आता ती नोंद करायची घाई लागली आहे. फिगर नावाच्या अमेरिकी कंपनीने २०२५ च्या सप्टेंबरात ब्रुकफिल्ड या जमीनजुमल्याच्या बड्या कंपनीशी हातमिळवणी केली, ती घरांच्या आतलं चित्रीकरण मिळवायला. ब्रुकफिल्डकडे एक लाखाहून जास्त घरं आहेत. आधी घरभाडं द्या, मग घर कसं आवरता तेही द्या.

आमच्या इमारतीखाली इस्त्रीवाले काका असतात. त्यांना हा सगळा प्रकार सांगितला.

"टॉवेल?" काका म्हणाले. "टॉवेलची घडी काय, कुणीपण घालतं. शर्टाची कॉलर करून दाखव म्हणावं."

"शर्टपण शिकवतायत, काका."

"किती वेळा दाखवायचं?"

"शेकडो वेळा. हजारो वेळा."

"ढ आहे का हो ते? माझा पुतण्या गावाकडून आला, आठवड्यात पँटला धार काढायला लागला. त्यातले दोन दिवस तर तापाने झोपून होता."

"यंत्र आहे ना. त्याला सगळं पहिल्यापासून शिकवायला लागतं."

"बरं. शिकवायचे पैसे कसे? नगावर का तासावर?"

"तासावर. नाहीतर महिन्याचा पगार."

काकांनी इस्त्री उभी केली. "आणि एकदा शिकलं की ते यंत्र गिऱ्हाइकाकडून पैसे घेणार ते नगावर?"

"म्हणजे, कंपनी घेणार."

"आणि शिकवणाऱ्याचे तास तर तवर संपलेले." त्यांनी माझा शर्ट पुढे केला. "बटण तुटलं तर गिऱ्हाइकाची बोलणी कशी खायची, तेपण शिकवा म्हणावं त्याला. दहा नगांचे झाले साठ."

साठ रुपये देऊन मी वर आलो. एवढा सरळ प्रश्न मी या धंद्यावरच्या कुठल्याही गुलाबी बातमीत वाचलेला नव्हता.

कारण गोष्ट एवढीच आहे. मास्तराला मिळतो तो तास. कंपनीला मिळते ती घडी, आणि ती कायमची. ती एका यंत्रात गेली की हजारो यंत्रांत जाते. मास्तर म्हातारा होतो, त्याचे गुडघे धरतात, त्याची घडी मात्र कुठल्यातरी हॉटेलात तिन्ही पाळ्या भरत राहते. भाड्याने द्यावी तशी वस्तू आपण रद्दीच्या भावात विकतो आहोत आणि वर "घरबसल्या कमवा" म्हणून नाचतो आहोत.

हे नवीन आहे असं मात्र कुणी समजू नये. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत फ्रँक गिलब्रेथ नावाचे गृहस्थ गवंड्यांकडे टक लावून बसले. वीट लावायला गवंडी अठरा हालचाली करतो, त्या त्यांनी पाचवर आणल्या. तासाला १२० विटा लागत होत्या, त्या ३५० लागायला लागल्या. फ्रेडरिक टेलर यांनी १९११ च्या आपल्या पुस्तकात हे अभिमानाने नोंदवलं आहे. विटा जवळजवळ तिप्पट झाल्या; रोज तिप्पट झाला का, असं पाहुण्यांसमोर विचारू नये.

मग नॉर्वे. ब्रूने गावात एकचाकी ढकलगाड्या बनवणारा ट्राल्फा नावाचा कारखाना होता. रंग फवारायचं काम एवढं घाण की माणसं मिळेनात. १९६० च्या दशकात त्यांनी रंग फवारणारा यंत्रहात केला. शिकवायची पद्धत सुबक होती: कसबी रंगाऱ्याने यंत्राचा हात धरून एकदा गाडी रंगवून दाखवायची, यंत्र ती हालचाल टेपवर घेणार आणि मग तशीच करत राहणार. रंगाऱ्याची फुप्फुसं वाचली, हे चांगलंच झालं. त्याच्या मनगटाची लकब टेपवर राहिली आणि टेप कारखान्याच्या कपाटात राहिली.

कर्ट व्हॉनेगट हे पुढे मोठे लेखक झाले, पण त्याआधी जनरल इलेक्ट्रिकच्या प्रसिद्धी खात्यात नोकरीला होते. तिथे कसबी कारागिराचं काम आपोआप करणारं यंत्र त्यांनी पाहिलं. १९५२ साली त्यांनी 'प्लेअर पियानो' ही कादंबरी लिहिली. तीत रूडी हर्ट्झ नावाचा लेथवरचा नंबर एकचा कारागीर आहे. इंजिनिअर येतात, त्याच्या हालचाली टेपवर घेतात आणि त्याच्यासारखे सगळे कारागीर एका झटक्यात नको होतात. रूडीला राग येत नाही. एवढ्या माणसांतून आपल्यालाच निवडलं, याचा त्याला अभिमान वाटतो. इंजिनिअर त्याला बिअर पाजतात.

सत्तर वर्षांत प्रगती झाली नाही असं कोण म्हणतं? तेव्हा एक बिअर होती. आता ओळखपत्र, कपाळपट्टा आणि चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून.

शांघायमध्ये अगीबॉट कंपनीचं मोठं गोदाम आहे. तिथे डझनांनी यंत्रमानव आणि त्यांना हाताळणारी माणसं टीशर्टच्या घड्या घालतात, सँडविच करतात, दारं उघडतात आणि पुन्हा लावतात. दिवसाचे सतरा तास. आपल्याकडच्या काही सरकारी कचेऱ्यांत दार उघडण्याचं काम एवढ्या निष्ठेने झालं तर क्रांती होईल. राष्ट्राध्यक्ष शी जिनपिंग हे यंत्रमानव बघायला गेले, तेव्हा त्यांना फुटबॉलच्या संघात घ्यावं अशी कोटीही करून आले. चीनचा फुटबॉल संघ बघता ती कोटी होती की धोरण, हे सांगता येत नाही.

टोकियोतली कथा मला जास्त आवडते. तिथल्या किराणा-कम-खाऊच्या दुकानांत टेलिएक्झिस्टन्स कंपनीचे रोबो फ्रिजमध्ये थंड पेयांच्या बाटल्या लावतात. शंभरातल्या चारेक वेळा बाटली निसटते, आडवी पडते. मग फिलिपाइन्समध्ये मनिलात बसलेला तरुण व्हीआर चष्मा चढवतो आणि टोकियोतल्या रोबोच्या हाताने ती बाटली उचलतो. एकेका माणसाच्या देखरेखीखाली पन्नासेक रोबो. २०२५ साली आलेल्या बातम्यांनुसार पगार महिन्याला २५० ते ३१५ डॉलर, म्हणजे साधारण बावीस ते अठ्ठावीस हजार रुपये. चष्म्याने गरगरतं, ते वेगळं. आणि त्याने बाटली कशी उचलली हेही टिपलं जातं, म्हणजे पुढच्या खेपेला रोबो स्वतः उचलेल. आज शंभरात चार चुका आहेत म्हणून नोकरी आहे. तो दरवेळी नीट काम करतो आणि आपल्याच नोकरीतला एक घास कमी करतो. जपानला परदेशी मजूर देशात आणायला नेहमीच जड गेलं. आता मजूर मनिलात राहतो, फक्त मजुरी देशात येते. व्हिसा नको, खोली नको, शेजाऱ्यांची कुरकुर नको.

श्रीमंत घरांची सोयही झाली आहे. वनएक्स कंपनीने २०२५ च्या ऑक्टोबरात निओ नावाचा घरगडी विकायला काढला, किंमत २० हजार डॉलर, म्हणजे सतरा-अठरा लाख रुपये. त्याला एखादं काम येत नसेल तर कंपनीचा माणूस दुरून त्याच्या डोळ्यांनी तुमचं घर बघतो आणि ते काम करून देतो. अर्थात आधी वेळ ठरवून, तुमच्या संमतीने. कामवाल्या बाईंना लिफ्ट वेगळी, कप वेगळा आणि जाताना पिशवी उघडून दाखवायची सक्ती, असले नियम ज्या सोसायट्यांमध्ये आहेत, तिथे हा गडी सर्वात आधी पोचेल. दिसणारं माणूस नको, न दिसणारं चालेल.

एलॉन मस्क यांच्या २०२४ च्या ऑक्टोबरातल्या जलशातही असंच झालं. ऑप्टिमसने पाहुण्यांना पेयं वाढली, गप्पा मारल्या. नंतर कळलं की पडद्यामागे माणसं होती. कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करणाऱ्या पिंगुळीच्या कलाकारांनी निदान दोरी कधी लपवली नाही.

यंत्राला काही शिकवूच नका, असं मी म्हणत नाही. गटारात उतरायचं काम त्याने आधी शिकावं. माणसाला संरक्षक साधनांशिवाय गटारात उतरवण्यावर कायद्याने बंदी आहे आणि तरीही माणसं उतरवली जातात, गुदमरतात. केरळात जेनरोबोटिक्सच्या मुलांनी २०१८ साली बँडिकूट नावाचा मॅनहोल साफ करणारा रोबो केला आणि पूर्वी आत उतरणाऱ्या कामगारांनाच तो चालवायला शिकवलं. हे खरं शिकवणं. पण जगातल्या मोठ्या पैशाचा ओढा तिकडे नाही. मोठा पैसा टॉवेलच्या मागे आहे, कारण गटारात उतरणारा स्वस्त पडतो आणि टॉवेलची घडी घालणारा कॅलिफोर्नियात महाग पडतो.

आता जरा सरकारी कागद बघू. किमान वेतनाच्या तक्त्यात कामगार कुशल, अर्धकुशल आणि अकुशल असे विभागलेले असतात. झाडणं, उचलणं, वाहणं ही कामं शेवटच्या रकान्यात. म्हणजे जे काम जगातले सर्वात हुशार इंजिनिअर सर्वात महाग यंत्रांना अजून धड शिकवू शकलेले नाहीत, ते आपल्या लेखी कौशल्याशिवायचं. आणि शेअरबाजाराचा अहवाल लिहिणं हे अतिकुशल काम, जे आता भाषेचं यंत्र चहा निवेपर्यंत करून टाकतं. हा तक्ता ज्याने केला त्याला एकदा पोळ्या लाटायला बसवावं, मिनिटाची मर्यादा घालून, कपाळावर कॅमेरा बांधून.

दुसरा कागद अधिक मजेचा आहे. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. १९९४ च्या दुरुस्तीने त्यात कलाकाराचे, म्हणजे सादरीकरण करणाऱ्याचे हक्क आले. कलाकार कोण? कायद्याच्या यादीत अभिनेता आहे, गायक आहे, वादक, नर्तक, कसरतपटू, जादूगार आहे. गारुडी आहे. व्याख्यान देणाराही आहे. आणि शेवटी 'सादरीकरण करणारी अन्य कोणतीही व्यक्ती' असं मोकळं दार ठेवलेलं आहे. सादरीकरण म्हणजे एक किंवा अनेक कलाकारांनी प्रत्यक्ष केलेलं दृश्य किंवा श्राव्य प्रदर्शन. हा हक्क पन्नास वर्षं टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर त्या सादरीकरणाचा धंद्यासाठी वापर झाला तर कलाकाराला रॉयल्टीही आहे.

म्हणजे पुंगी वाजवली तर हक्क पन्नास वर्षं. टॉवेलची घडी घातली तर तासावर हिशेब.

मी वकील नाही, आणि वकील हे वाचून हसतील हे मला ठाऊक आहे. पण कपाळावर कॅमेरा लावून, ठरवून दिलेल्या क्रमाने, चुकलं की पुन्हा करत, दोनशे वेळा जे दाखवलं जातं ते दृश्य प्रदर्शन नाही तर काय आहे? आमच्या सिनेमातल्या कित्येक नायकांना एवढे रीटेक कुणी द्यायला लावत नाही. एखाद्या कामगार संघटनेने हा मुद्दा घेऊन कोर्टात जावं. हरली तरी चालेल; न्यायमूर्तींना गारुडी आणि घडीवाला यांतला फरक लिहून द्यावा लागेल, आणि तो वाचायला मजा येईल. सोलापूरच्या टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. टॉवेलचं नाव कुणी चोरू शकत नाही. घडी कुणीही न्यावी.

कोल्हापूरच्या तालमींत सांगतात, वस्ताद पठ्ठ्याला सगळे डाव शिकवतो, एक राखून ठेवतो. पठ्ठ्या उलटला तर कामी येतो. कॅमेऱ्यापुढे तशी सोय नाही, असं पहिल्यांदा वाटतं. तो हात हलेल तेवढं सगळं घेतो. पण इस्त्रीवाले काका इस्त्री तापली का हे पाण्याच्या शिंतोड्याच्या आवाजावरून ओळखतात आणि कपडा दमट आहे का हे दोन बोटांच्या चिमटीत. बोटाला जे लागतं ते चित्रफितीत उतरत नाही. कॅमेऱ्याला हात दिसतो, हाताला काय कळलं ते दिसत नाही. हा झाला राखीव डाव.

तोही फार दिवस राखीव राहील या भ्रमात राहू नये. २०१९ साली एमआयटीतल्या संशोधकांनी ५४८ संवेदक विणलेला हातमोजा केला. तो घालून वस्तू उचलल्या की पकडीचा दाब कुठे किती पडतो याचा नकाशा मिळतो. त्यातल्या सामानाचा खर्च दहा डॉलरच्या आसपास. कपाळाच्या पट्ट्यासोबत हातमोजाही आला, की वस्तादाची गठडी पूर्ण रिकामी.

तेव्हा हे काम करू नका, असा सल्ला मी देणार नाही. मी देणारा कोण? घरात चूल पेटायची असेल तर माणूस टॉवेलच काय, ढगांच्याही घड्या घालेल. फक्त चित्रीकरणाच्या संमतिपत्रात 'कायमस्वरूपी', 'जगभर' आणि 'कोणत्याही माध्यमात' हे तीन शब्द बहुधा तळाशी, बारीक अक्षरांत असतात, ते आधी शोधा. मराठीत नसतील तर मराठीत मागा. आपल्या हालचाली पुढे कुणाकुणाला विकल्या जाणार, हे लिहून मागा. एकट्याने मागितलं तर दुसरा उभा करतील, म्हणून चौघांनी मिळून मागा. आणि तासाचे किती, असं त्यांनी विचारलं, तर आधी किती वर्षं वापरणार ते विचारा. उत्तर 'कायम' असं आलं तर तासाचा दर सांगू नका. हप्त्याचा सांगा.